अचूक रायफल : तिची निवड आणि मशागत

१९०७ सालची गोष्ट आहे. कुमाऊंच्या डोंगराळ मुलुखांत, चंपावत गांवाजवळच्या एका दरींत, जिम कॉर्बेट नांवाचे एक रेल्वेच्या कामावरील गृहस्थ हातांत परकी बंदूक घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर अवघ्या २० फुटांवर, एका खडकावर, घायाळ झालेली वाघीण होती. स्वतःच्या रायफलीसाठीं त्यांनीं बरोबर घेतलेलीं तिन्ही काडतुसें संपून गेलीं होतीं. म्हणून धांवत जाऊन त्यांनीं तहसीलदारांची बंदूक मागून आणली होती. परंतु ती हातीं घेऊन पाहतात तों तिच्या नळ्या व नळ्यांच्या मागचा ठोकळा ह्यांमध्यें सुमारें ३/८ इंचाची फट! अशी बंदूक उडविली असतां ती वाघिणीचा प्राण घेईल कीं उडविणाराचा, हाच प्रश्न होता. तरीहि कॉर्बेटांनीं वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि चाप ओढला. गोळी जबड्याला लागली नाहीं. ती लागली उजव्या पंजाला. २० फूट म्हणजे एखाद्या दिवाणखान्याची लांबी. तेवढ्या अंतरांत गोळीनें आपली वाट सोडली. वाघीण त्याच क्षणीं कोसळली खरी, पण ती आधींच्या गोळ्यांच्या जखमांनीं.

ह्या वाघिणीनें नेपाळांत व कुमाऊंत मिळून ४३६ माणसें मारलीं होतीं असें मानलें जातें. ती मेल्यावर कॉर्बेटांनीं तिचें तोंड तपासलें. उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, तर खालचा पार हाडापर्यंत. ही इजा फार पूर्वीं झाली होती, आणि ती बंदुकीच्या गोळीनें झाली होती. सुळे गेल्यामुळें तिला आपली नैसर्गिक शिकार साधेना, आणि म्हणून ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेटांनीं पुढें लिहून ठेवला.

ह्या एका कथेच्या दोन्ही टोकांना एकेक चुकलेला नेम आहे. शेवटल्या टोकाचा नेम चुकला तो खिळखिळ्या बंदुकीमुळें असावा. सुदैवानें त्याची किंमत कोणास द्यावी लागली नाहीं. पहिल्या टोकाचा नेम कोणाचा व कशामुळें चुकला हें कोणासहि ठाऊक नाहीं. परंतु त्याची किंमत शेंकडों घरांनीं भरली. शिकाऱ्याची रायफल अचूक असावी असें जेव्हां म्हणतात, तेव्हां तो केवळ हौसेचा किंवा फुशारकीचा प्रश्न नसतो. चुकून दूर गेलेली गोळी एक वेळ परवडते. अर्धवट लागलेली गोळी परवडत नाहीं. म्हणून रायफल निवडावी कशी आणि निवडल्यावर तिची मशागत करून ती अचूक कशी करावी, ह्या विषयास यंत्रशास्त्राइतकेंच नीतिशास्त्राचेंहि अंग आहे.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट ह्यांनीं कॉर्बेटांना एक नवी रायफल बक्षीस दिली. ती लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीनें घडविलेली .२७५ बोअरची रायफल होती. तिच्या दस्त्यावर ह्या देणगीची हकीकत कोरलेली रुप्याची पट्टी बसविलेली आहे. रायफल रिग्बींची असली तरी तिचें काळीज जर्मन होतें. ओबर्नडॉर्फच्या पाऊल माउझर ह्यांची जी रचना जर्मन सैन्यानें १८९८ सालीं स्वीकारली, तीच ह्या रायफलींत होती. तिचें काडतूसहि माउझरांचेंच. त्याचें मूळ माप ७ मिलिमीटर, आणि.२७५ हें त्याचें इंग्रजी बारसें. आज जगांत शिकारीसाठीं ज्या रायफली वापरतात त्यांतील पुष्कळशा, मग ती १९३६ सालीं निघालेली विंचेस्टरची ७० नंबरची असो वा १९६२ सालीं निघालेली रेमिंग्टनची ७०० नंबरची असो, ह्याच कुळांतील आहेत. तेव्हां ही रचना समजली म्हणजे बहुतेक सर्व समजलें.

जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावा. ह्या जातीच्या रायफलींत नळीच्या मागच्या तोंडाशीं तसाच एक पोलादी अडसर असतो. त्यास बोल्ट म्हणतात. त्याची मूठ वर उचलून मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें ढकलली कीं नवें काडतूस नळींत शिरतें. आणि मूठ खालीं वळविली कीं बोल्टच्या अग्राशीं असलेले दोन भक्कम कान समोरच्या पोलादी खांचांत जाऊन बसतात. माउझरांनीं सुरक्षिततेसाठीं मागच्या बाजूस आणखी एक तिसरा कान ठेवला. दारू पेटली म्हणजे नळींत वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब निर्माण होतो. तो सारा हे दोन कान पेलतात.

अचूकपणाचें बीज ह्याच रचनेंत आहे. बोल्ट एकदां बंद झाला कीं गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी, बोल्ट व त्यांना धरणारी पोलादी चौकट हीं तिन्हीं जणूं एकच वस्तु होतात. काडतूस दर खेपेस त्याच जागीं, त्याच घट्टपणानें बसतें. जोडनळीच्या जुन्या रायफलींत हें इतक्या पूर्णपणें साधत नाहीं. तेथें दोन नळ्या डाक देऊन अशा जोडलेल्या असतात कीं त्यांच्या गोळ्या एका ठराविक अंतरावर, एका ठराविक काडतुसानेंच, जवळ जवळ याव्या. काडतूस बदललें कीं तें सख्य मोडतें. जवळून चाल करून येणाऱ्या जनावरासमोर जोडनळीचा दुसरा बार जीव वाचवितो, हें खरें. पण दूरवरच्या एका नेमक्या जागेसाठीं बोल्टची रायफलच श्रेष्ठ ठरते.

आतां अचूकपणा म्हणजे काय, हें ठरविलें पाहिजे. एखादी गोळी लक्ष्याच्या मध्यावर बसली म्हणजे रायफल अचूक, असें नव्हे. बंद पडलेलें घड्याळहि दिवसांतून दोनदां बरोबर वेळ दाखवितें. सर्व गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात, हीच खरी कसोटी. त्यांचा घोळका लहान असला आणि तो लक्ष्याच्या बाजूला पडत असला, तर माशी किंवा दुर्बीण सरकवून तो मध्यावर आणतां येतो. परंतु घोळकाच विखुरलेला असला, तर दुर्बिणीनें तो आवळतां येत नाहीं. हें विखुरणें मोजण्यासाठीं ज्योतिषांतील कला हें माप कामीं येतें. एका अंशाचे साठ भाग केले कीं त्यांतील एक भाग म्हणजे कला. १०० यार्डांवर एक कला म्हणजे एक इंचाहून किंचित् अधिक, आणि २०० यार्डांवर दोन इंचांहून किंचित् अधिक.

चांगली शिकारी रायफल आपल्या गोळ्या एक ते दीड कलेच्या आंत ठेवते. ह्याहून सूक्ष्म अचूकपणा आवश्यक आहे काय? हरणाच्या छातींतील हृदय व फुप्फुसें ह्यांनीं व्यापलेली जागा सुमारें आठ इंचांची असते. २०० यार्डांवर दीड कला म्हणजे तीन इंच. म्हणजेच रायफलीनें आपल्या वांट्याचें काम पुरें करून पांच इंच शिल्लक ठेवले. ती शिल्लक शिकाऱ्याच्या चुकांसाठीं आहे, आणि ती बहुधा सारी खर्च होते. हा जमाखर्च ज्याच्या ध्यानांत राहील तो अर्ध्या कलेच्या नादीं लागून पैसा उधळणार नाहीं, आणि चार कलांच्या रायफलीवर समाधानहि मानणार नाहीं.

परीक्षा घेतांना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तीन गोळ्या झाडून त्या एका आण्याखालीं झांकल्या म्हणून आनंद मानूं नये. तीन गोळ्यांचा घोळका दैवयोगानेंहि लहान येतो. त्याच रायफलीनें दहा गोळ्या झाडल्या तर वर्तुळ हटकून मोठें होतें, आणि तेंच तिचें खरें रूप होय. परंतु ह्या दहा गोळ्या घाईनें झाडूं नयेत. शिकारी रायफलीची नळी बारीक असते. ती लवकर तापते, आणि तापलेली नळी आपली दिशा किंचित् बदलते. जंगलांत जी गोळी झाडावयाची ती थंड नळींतून निघणारी पहिलीच गोळी असते. म्हणून नळी निवूं द्यावी, मग पुढची गोळी झाडावी. ज्यास धीर नाहीं त्यास ह्या परीक्षेंतून खरें उत्तर मिळावयाचें नाहीं.

रायफल निवडतांना पहिला विचार काडतुसाचा करावा. नवशिक्यास वाटतें, जितकें जबर काडतूस तितकी शिकार निश्चित. वास्तविक गोष्ट उलट आहे. जबर काडतुसाचा धक्का खांद्यास बसला कीं पुढच्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच डोळा मिटतो, खांदा आंकसतो, आणि नळीचें तोंड हलतें. मनुष्यास हें कळतहि नाहीं. .२७५ चें काडतूस ह्या दृष्टीनें आदर्श मानलें गेलें तें त्याच्या सौम्य धक्क्यामुळें. त्याची सुमारें ९ ग्रॅम वजनाची गोळी हरणाच्या जातीच्या जनावरांना पुरून उरते. मात्र गव्यासारख्या प्रचंड व चाल करून येणाऱ्या जनावरांसाठीं तें नव्हे. तेथें मोठें काडतूसच हवें, आणि तें सोसण्याचा सरावहि हवा.

दुसरा विचार दस्त्याचा. कपडा जसा अंगास बेतावा लागतो तसा दस्ता बेतावा लागतो. डोळे मिटून रायफल खांद्यास लावावी, गाल दस्त्यावर टेकावा, आणि मग डोळे उघडावे. मान न ताणतां, न वांकवितां दृष्टि थेट माशीवर किंवा दुर्बिणीच्या मध्यावर गेली, तर दस्ता बेताचा. नाहीं तर तो लांबीला कमी-जास्त करावा, किंवा गालाखालची बाजू उंचवावी. ही दुरुस्ती फार महाग नाहीं, आणि इतर कोणत्याहि दुरुस्तीहून ती अधिक फळ देते. अंगास बेतलेली हलकी रायफल प्रसंगीं काय करूं शकते, ह्याचें उदाहरण कॉर्बेटांच्याच चरित्रांत आहे. १९३० सालीं चौगडच्या नरभक्षक वाघिणीशीं त्यांची अचानक गांठ पडली, तेव्हां त्यांच्या डाव्या हातांत एका पक्ष्याचीं अंडीं होतीं. वाघीण अगदीं हाताच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ होती. हालचाल दिसली असती तर तिनें झेंप घेतली असती. कॉर्बेटांनीं एकाच हातानें, दिसेल न दिसेल अशा संथपणानें, ती .२७५ ची रायफल फिरवीत आणली आणि गोळी झाडली. दुप्पट वजनाच्या रायफलीनें हें घडलें असतें कीं नाहीं, ह्याची शंकाच आहे.

तिसरा विचार नळीचा. रायफलीच्या नळीच्या आंतून नागमोडी आंटे कोरलेले असतात. त्यांमुळें गोळी भोंवऱ्यासारखी फिरत जाते आणि डगमगत नाहीं. ह्या आंट्यांचा पीळ आणि गोळीची लांबी ह्यांचें प्रमाण जमलें पाहिजे. लांब गोळीस घट्ट पीळ लागतो. जुनी रायफल विकत घ्यावयाची असल्यास नळीचें तोंड भिंगानें तपासावें. गोळी नळीचा निरोप घेते ती ह्या कडेवरून. कडेचा एका बाजूस जरी टवका गेला असला, तरी मागचा वायु त्या बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीच्या बुडास कलता धक्का देतो. पुष्कळदां ही कड शत्रूनें नव्हे, तर मालकानेंच बिघडविलेली असते. तोंडाकडून सळई घालून नळी पुसणें, हें त्याचें कारण. नळी नेहमीं मागच्या बाजूनें पुसावी.

आतां मशागतीकडे वळूं. येथें पहिला नियम असा कीं, आधीं मोजावें आणि मग हात लावावा. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. शाळेच्या प्रयोगशाळेंतील हा नियम बंदुकीच्या कारखान्यांतहि तितकाच खरा आहे. ज्यानें एकाच दिवशीं दस्ता खरवडला, चाप हलका केला आणि काडतूसहि बदललें, त्यास रायफल सुधारली तरी कशामुळें सुधारली हें समजत नाहीं, आणि बिघडली तर काय उलटें फिरवावें हेंहि समजत नाहीं.

प्रथम स्क्रू पाहावे. दस्त्यास पोलादी चौकट जखडणारे स्क्रू आणि दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू ढिले असणें, हें रायफल बिघडल्याचें सर्वांत साधें व सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. ते अंदाजानें पिळूं नयेत. ताण मोजणारा पाना मिळतो, त्यानें कारखान्यानें सांगितलेल्या ताणाइतकेच आवळावे. दुर्बीण शक्य तितकी नळीच्या जवळ बसवावी, म्हणजे गाल दस्त्यावरून उचलावा लागत नाहीं. आणि डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच पुढें ठेवावी, म्हणजे धक्क्यासरशी ती भुवईवर आदळत नाहीं.

नंतर काडतूस. एकाच साच्यांतून निघालेल्या दोन रायफलींची आवडहि एक नसते. एकीस जें काडतूस मानवतें तें दुसरीस मानवत नाहीं. चार-पांच प्रकारचीं काडतुसें आणून, प्रत्येकाचा स्वतंत्र घोळका पाडून पाहावा. कित्येकदां एवढ्यानेंच घोळका निम्मा होतो, आणि रायफलीस हत्यार लावण्याची गरजच राहत नाहीं. आवडतें काडतूस सांपडलें कीं मग तें बदलूं नये.

तिसरी गोष्ट बैठकीची. चौरंगाचा एक पाय किंचित् आंखूड असला तर तो जसा डुगडुगतो, तशी पोलादी चौकट दस्त्याच्या लांकडांत नीट टेकली नाहीं तर प्रत्येक बारासरशी किंचित् निराळी बसते. चौकटीच्या खालीं एक आडवा पोलादी ठोकळा असतो. बाराचा सारा धक्का त्याच्या मागच्या अंगानें लांकडास मिळतो. हा ठोकळा लांकडास पुरता भिडला नसेल, तर घोळका लांबट होतो किंवा दोन जागीं पडतो. लंडनचे जुने कारागीर चौकटीस काजळी लावून, ती लांकडावर टेकवून, जेथें काळा डाग उमटेल तेथेंच पटाशीनें खरवडीत. असें शेंकडों वेळां करून ते बैठक जुळवीत. आज हेंच काम एपॉक्सीच्या राळेनें होतें. लांकूड किंचित् कोरून त्यांत राळ भरतात, चौकटीस मेण लावून ती त्यांत बसवितात, आणि राळ घट्ट झाल्यावर चौकटीचा हुबेहूब सांचा तयार होतो. स्क्रूंच्या भोंवतीं अॅल्युमिनियमच्या नळ्या बसविल्या, तर आवळतांना लांकूड चेपतहि नाहीं. मात्र मेण लावण्यास विसरलेल्या कारागिराची रायफल दस्त्यास कायमची चिकटते, हें ध्यानांत असावें.

बैठकीशींच निगडित अशी चौथी गोष्ट नळीची. तंबोऱ्याची तार मोकळी असली तर एक स्वर देते. तीस मध्येंच बोट लागलें कीं स्वर बदलतो. बार उडतांना रायफलीची नळीहि अशीच थरथरते. दस्त्याचें पुढचें लांकूड तीस एका बाजूनें टेकलेलें असेल तर ही थरथर दर वेळीं सारखी राहत नाहीं. त्यांतून लांकडाचा स्वभाव चंचल. पावसाळ्यांत घरचें दार फुगून चौकटींत अडकतें हा अनुभव प्रत्येक घराला आहे. तसाच अक्रोडाचा दस्ता दमट हवेनें फुगतो, उन्हानें आंखडतो, आणि नळीवरचा दाब बदलतो. म्हणून नळी व लांकूड ह्यांमध्यें सर्वत्र बारीक फट ठेवतात. कागदाची एक पट्टी नळीखालून घालून ती तोंडाकडून चौकटीपर्यंत न अडतां सरकली, कीं नळी मोकळी आहे असें समजावें. ह्या नियमास अपवाद आहे तो एवढाच, कीं कांहीं फार बारीक नळ्या पुढच्या टोकाशीं लांकडाचा थोडा सारखा दाब दिला असतां अधिक चांगल्या चालतात. म्हणून खरवडण्यापूर्वीं मोजलें पाहिजे. काढलेलें लांकूड पुन्हां लावतां येत नाहीं. हवेचा हा त्रास टाळण्यासाठींच पुढें थरांच्या लांकडाचे व फायबरग्लासचे दस्ते निघाले. ते पाहण्यास अक्रोडाइतके सुंदर नसतील, पण पावसांत आपला स्वभाव बदलत नाहींत.

पांचवी गोष्ट चापाची. जड व खरखरीत चाप ओढतांना सारा पंजा आवळला जातो आणि नेम हलतो. शिकारी रायफलीचा चाप सुमारें दीड किलोच्या ओढीनें, कांच मोडावी तसा एकदम सुटावा. तो रांगतां उपयोगी नाहीं. परंतु ह्याहून फार हलका करण्याचा मोह आवरावा. थंडीनें बधिर झालेल्या बोटांना हलका चाप समजत नाहीं, आणि पाय घसरला असतां तो धक्क्यानेंहि सुटण्याचा संभव असतो. चापाचें काम घरीं कानशीनें करूं नये. तें जाणत्या बंदुककारागिराचेंच काम आहे. बोल्टचे दोन्ही कान खांचांत सारखे टेकतात कीं नाहीं, हें पाहून ते घोटून घेण्याचें कामहि त्याचेंच. एकच कान भार घेत असेल तर बोल्ट एका बाजूस ओढला जातो, आणि काडतूस तिरपें होतें.

एवढें सर्व करूनहि घोळका मोठाच राहिला, तर मात्र नळीचें तोंड नव्यानें कातून घ्यावें. आणि तेंहि व्यर्थ गेलें तर नळीच बदलावी. हा शेवटचा व सर्वांत खर्चाचा उपाय. पुष्कळ जण आरंभ येथूनच करतात, आणि मग नवी नळी जुन्या डुगडुगत्या बैठकींत बसवून निराश होतात. दस्त्यावरील नक्षी, पोलादावरील कोरीव काम, सोन्याचीं अक्षरें ह्यांनीं रायफल शोभते. पण गोळी नक्षी पाहून जात नाहीं.

रायफल सिद्ध झाली. आतां राहिला मनुष्य. येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें प्राप्त आहे. मेजावर वाळूच्या पिशव्यांत टेकविलेली रायफल जो घोळका पाडते, त्याच्या कित्येक पट मोठा घोळका तीच रायफल उभ्यानें व धापा टाकीत झाडणाऱ्या शिकाऱ्याच्या हातून पडतो. म्हणून नॉर्वे देशांत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यास दर वर्षीं परीक्षा द्यावी लागते. आधीं सरावाच्या ३० गोळ्या, आणि मग १०० मीटरांवरील रेनडियरच्या आकृतीवर पांच गोळ्या. त्या पांचहि ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळांत पडल्या पाहिजेत. एक बाहेर गेली कीं परीक्षा पुन्हां. ३० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक फूट; रायफलीच्या दृष्टीनें ही परीक्षा अगदींच सोपी. ती रायफलीची नव्हेच. ती हाताची, श्वासाची आणि मनाच्या शांततेची परीक्षा आहे. रायफलीवर शंभर रुपये खर्च करणाऱ्यानें सरावावर दोनशें खर्च करावे, हाच त्यांतील धडा.

शेवटीं अंतराचा विचार. .२७५ च्या ९ ग्रॅम गोळीचा नेम २०० यार्डांवर जुळविला, तर ती १०० यार्डांवर सुमारें दोन इंच वर लागते, आणि ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खालीं जाते. पहिल्या दोहोंत शिकाऱ्यास कांहींच करावें लागत नाहीं. छातीच्या मध्यावर नेम धरला कीं पुरे. तिसऱ्यांत अंतर ओळखण्याची एक चूक म्हणजे मोडलेला पाय किंवा फुटलेला जबडा. वाऱ्याची झुळूकहि दूरच्या गोळीस आपल्याबरोबर नेते. ज्या अंतरावर दहांपैकीं दहा गोळ्या त्या आठ इंचांत पडतील असा भरंवसा स्वतःच्या हातास आहे, तेंच त्याचें अंतर. त्यापलीकडे रायफल पोंचत असली तरी शिकाऱ्यानें पोंचूं नये. न झाडलेल्या गोळीनें आजवर एकहि वाघ नरभक्षक झालेला नाहीं.

कॉर्बेटांना हें पुरतें कळलें होतें. पुढें पुढें त्यांचें मन रायफलीपेक्षां कॅमेऱ्यांत अधिक रमलें. कुमाऊंच्या पायथ्याशीं १९३६ सालीं जें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें त्याच्या मुळाशीं त्यांचीहि खटपट होती, आणि पुढें त्या उद्यानास त्यांचें नांव दिलें गेलें. त्यांचें कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें १९४४ सालीं मुंबईहून प्रसिद्ध केलें. कॉर्बेट १९५५ सालीं केनियांत वारले. ती .२७५ ची रायफल त्याच प्रकाशनसंस्थेकडे गेली, आणि अनेक वर्षांनीं जेथें ती घडली त्या रिग्बी कंपनीकडे परत आली.

भारतांत १९७२ सालच्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपलें, आणि तें योग्यच झालें. परंतु बोल्टच्या रायफलीची विद्या येथें लोपली नाहीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें ५० मीटरांच्या रायफलींत विश्वविजेतेपद मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे ह्यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक जिंकलें. त्या स्पर्धेंत ५० मीटरांवरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटरांचें असतें. तेथेंहि तेच प्रश्न आहेत : दस्ता अंगास बेतला आहे काय, बैठक घट्ट आहे काय, चाप स्वच्छ सुटतो काय, आणि ह्या नळीस कोणतें काडतूस मानवतें. भेद एवढाच कीं, तेथें चुकलेली गोळी एक गुण घेऊन जाते. चंपावतच्या रानांत कोणा अज्ञात शिकाऱ्याची चुकलेली गोळी काय घेऊन गेली, हें ज्यास ठाऊक आहे, तो कोणत्याहि देशांत, कोणत्याहि जनावरावर रायफल उचलण्यापूर्वीं तिचे स्क्रू एकवार तपासून पाहील.